रामेश्वरमचा वारा आणि आम्ही हिंगणघाटवाले

आमच्या ग्रुपमध्ये समुद्रात पोहलेला एकही जण नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. सगळे विहिरीत पाठीला डबा बांधून शिकलेले, नाहीतर वर्धा नदीच्या डोहात उड्या मारलेले. मास्तरनं (झेडपीचा आहे, खराखुरा मास्तर) व्हॉट्सॲपवर विंडसर्फिंगचा (शीड लावलेल्या बोर्डावर उभं राहून वाऱ्याच्या जोरावर पाण्यावरून जायचं) व्हिडिओ टाकला आन् खाली लिहिलं, "जायाचं का बे?" सगळ्यांनी हसायच्या स्मायल्या टाकल्या, आन् बघता बघता चंद्रपूरवरून चेन्नईचं रिझर्वेशन झालंसुद्धा. गोव्याला काय सगळेच जातात, म्हणून रामेश्वरम.

जागा मोठी भारी निवडली होती मास्तरनं. रामेश्वरम हे बेट. उत्तरेकडं पाल्कची खाडी, दक्षिणेकडं मन्नारचं आखात. हिवाळ्यात वारा ईशान्येकडून, उन्हाळा-पावसाळ्यात नैऋत्येकडून, म्हणजे वारा कुठूनही येवो, बेटाची एक बाजू खवळलेली आन् दुसरी निवांत. पांबनचा जुना रेल्वेपूल १९१४चा, त्याच्यावर वारा ताशी ५८ किलोमीटरच्या वर गेला की सिग्नल आपोआप लाल व्हायचा, गाडी पुढं जायचीच नाही. आता बाजूला नवा पूल झालाय, २०२५ला सुरू झाला, मधला भाग जहाजासाठी उभा वर उचलला जातो. आम्ही सगळे खिडकीला चिकटलेलो, अन् आमच्यातला कृषी केंद्रवाला झोपलेला.

तिथं काइटसर्फिंगवालेच जास्त, पतंगाला लटकून उडणारे. आम्हाले मात्र शिडाचा बोर्डच पाहिजे होता. नवशिक्यासाठी बोर्ड एवढा मोठा की त्याच्यावर गादी टाकून झोपता येईल, शीड लहान. शिकवणारा तमिळ पोरगा, हिंदी तुटकं पण हातवारे एकदम क्लिअर. आधी वाळूवरच उभं केलं, मग कमरेएवढ्या पाण्यात.

पाण्यात पडलेलं शीड दोरीनं वर ओढायचं, हीच पहिली परीक्षा. शिडावर पाणी बसलेलं असते, ते जड लागते. कृषी केंद्रवाला खताचे पोते उचलणारा माणूस, त्यानं जोर लावून एका झटक्यात ओढलं, पाणी निथळल्याबरोबर शीड हलकं झालं आन् हा मागच्या मागं पाण्यात. पोरगा म्हणे, "स्लो भैया, गुडघा, गुडघा." पाठ सरळ, गुडघे वाकवून, पाणी हळूहळू उतरू द्यायचं. मास्तर बारीक अंगाचा, त्याले लगेच जमलं आन् दिवसभर त्यानं ते आम्हाले ऐकवलं.

या बोर्डाले सुकाणू नसते. शीड पुढं झुकवलं की बोर्डाचं नाक वाऱ्यापासून दूर वळते, मागं झुकवलं की वाऱ्याकडं. आन् वाऱ्याच्या तोंडावर सरळ जाता येतच नाही, तिरकं-तिरकं नागमोडी जावं लागते. इथं आमच्यातला पूर्णवेळ शेतीवाला गडी सगळ्यात पुढं निघाला. पोरगा वाऱ्याची दिशा समजावून सांगायच्या आधीच तो पाठ वाऱ्याकडं करून उभा. लहानपणी खळ्यावर तूर उपणतानी बाप याले वारा पाहायले उभं करायचा, दिशा चुकली की कुटार सगळं डोळ्यात. थ्रेशर आल्यावर ते काम गेलं, पण कान अजून तयार आहेत त्याचे, वारा कोणत्या कानाले लागते त्यावरून सांगतो.

दक्षिणेकडचं पाणी सपाट दिसत होतं म्हणून मास्तर म्हणे, "तिकडंच जाऊ ना राजेहो, इथं लाटा नाकात जाऊन राह्यल्या." पोरग्यानं सरळ नाही म्हटलं. जमिनीकडून समुद्राकडं वाहणारा वारा काठाजवळ सौम्य वाटते, पण आत गेलं की जोर धरते, आन् परतायचं म्हणजे त्याच्याच तोंडावर यावं लागते. नवशिक्याले ते जमत नाही. तसं अडकलंच तर बोर्ड सोडायचा नाही, शीड खाली टाकून बोर्डावर झोपायचं आन् हातानं वल्हवायचं. धनुष्कोडीपासून लंका तीसेक किलोमीटरवर. रामेश्वरमचे मच्छीमार हद्दीपायी तिकडं पकडले जातात हे बातम्यांत असतेच, मास्तर गप बसला.

धनुष्कोडीले पण गेलो. डिसेंबर १९६४च्या वादळात गाव गेलं, पांबनवरून निघालेली पॅसेंजर प्रवाशांसकट गेली, चर्चच्या भिंती अजून उभ्या आहेत. फोटो काढायची इच्छा झाली नाही कोणाची.

कोणाले जायचं असंल तं पूर्ण बाह्यांचं टीशर्ट न्या, तळहाताले फोड येतातच, आन् लाईफ जॅकेट दिल्याशिवाय पाण्यात उतरवत असतील तिथून उठून या. नैऋत्येच्या वाऱ्याचा सीझन आपल्याले जमणार नाही, तेव्हा सरकी टोबायची, मग डवरणी. राहिला जानेवारी-फेब्रुवारी. पण चण्याले पाणी कोण देईल, यावर ग्रुपमध्ये अजून भांडण सुरूच आहे. शेतीवाला म्हणते मास्तरच्या सुट्ट्यांपेक्षा माह्या मोटारीचं टाइमटेबल पाहा, लाईट रात्रीच राहते.