मागचा पडदा

अमळनेरला वैशाखात सखाराम महाराजांची यात्रा भरते, ती बोरी नदीच्या पात्रात. त्या दिवसांत पात्रात पाणी नावालाच. पाळणे, रसवंत्या, भांड्यांची दुकानं, सगळं वाळूवर. आणि त्याच वाळूत फोटोवाल्यांच्या राहुटीत जो पडदा टांगलेला असायचा, त्यावर मात्र पाणीच पाणी. निळंशार तळं, तळ्यात होडी, पलीकडे बर्फाचे डोंगर. गावात माझा स्टुडिओ होता, पण यात्रेपुरती मीही राहुटी टाकायचो. ताजमहालाचा पडदाही नेऊन बघितला. त्याच्यापुढे नवी जोडपी यायची; बाकी सगळी गर्दी तळ्याला.

हे सांगायचं कारण माझा भाचा. तो मोठ्या क्रूझ जहाजांवर फोटो मॅनेजर आहे. ताईच्या सासरी, पारोळ्याकडे, ‘पोरगा बोटीवर आहे’ एवढंच सांगतात. त्यापुढे सांगायला गेलं की लोक विचारतात, फोटो काढायला मॅनेजर कशाला लागतो? प्रश्न वाजवी आहे. पण असं जहाज म्हणजे दोन-तीन हजार लोकांचं गाव, आणि ते गाव आठ-दहा दिवसांनी अख्खं बदलतं. नवे प्रवासी चढायला लागले की हातात पिशव्या, कपाळावर घाम, अशा अवस्थेतच त्यांचा पहिला फोटो निघतो. एखाद्या बंदरावर उतरलं की समुद्री चाच्याच्या वेशातला कुणी तरी गळ्यात हात टाकून उभा राहतो. तोही यांच्यातलाच, आणि आज चाचा कोणी व्हायचं हे भाचा ठरवतो. पूर्वी सगळ्या फोटोंच्या प्रिंट काढून गॅलरीत लावत आणि लोक आपापला चेहरा हुडकत फिरत. आता बऱ्याच जहाजांवर कॉम्प्युटरच चेहरा ओळखून ज्याचे फोटो त्याच्या नावावर टाकतो. न विकलेल्या प्रिंटा शेवटी मशीनमध्ये घालून फाडून टाकतात, हे ऐकून माझ्या पोटात गोळा आला. फोटोच्या कागदाचा भाव मी आयुष्यभर मोजलेला आहे.

सहा-आठ महिन्यांचा करार, त्यात रविवार नावाचा प्रकार नाही. चोवीस तासांत किमान १० तास आणि आठवड्यात किमान ७७ तास विश्रांती मिळाली पाहिजे, असा जहाजावरच्या कामगारांसाठी २००६ सालचा आंतरराष्ट्रीय करार आहे. नियमात विश्रांतीचे तास लिहून ठेवावे लागले, यातच कामाचं काय ते समजावं. शिवाय रोजचं विक्रीचं टार्गेट. मोबाइलनं माझा स्टुडिओ पासपोर्ट फोटोंवर आणून ठेवला. त्याच्या टार्गेटलाही तोच आडवा येतो. कंपनी कोणतीही असो, दर माणशी खिशात एक कॅमेरा घेऊन चढलेल्या लोकांना फोटो विकायचा म्हणजे गंमत नाही.

मग लोक विकत घेतात तरी काय? जहाजावर एखाद्या रात्री जेवायला सगळ्यांनी नटून-थटून यायची पद्धत असते. त्या रात्री जिन्याजवळ, लॉबीत, जागा मिळेल तिथे पडदे लागतात. संगमरवरी जिना, जाडजूड पुस्तकांचं कपाट, आणि हो, सूर्यास्तसुद्धा. मी म्हटलं, अरे, बाहेर चहूबाजूंनी समुद्र, रोज फुकटचा सूर्यास्त, आणि तुम्ही कापडावरचा विकता?

“मामा, समुद्रमा बी पडदाच लागस,” तो म्हणाला.

त्याचं म्हणणं धंदा केलेल्या माणसाला लगेच पटतं. खरा सूर्य पाठीशी घेतला की चेहरा काळा पडतो. फ्लॅश मारून तो उजळावा, तर डेकवरचा वारा केस तोंडावर आणतो, साडी असो की गाऊन, सांभाळता येत नाही. आणि सूर्य काही रांगेतल्या शेवटच्या कुटुंबासाठी थांबत नाही. पडद्यावरचा बिचारा रात्री अकरापर्यंत बुडत राहतो. पण मला यात उजेडाच्या हिशेबापलीकडचंही काही दिसतं. आमच्या वाळूतल्या माणसाला फोटोत तळं हवं होतं, पाण्यातल्या माणसाला पुस्तकांचं कपाट हवं आहे. समोर आहे ते फोटोत कशाला, असाच हिशेब असणार.

सुट्टीवर आला की भाचा कॅमेऱ्याला हात लावत नाही. लग्नात कुणी आग्रह केला तर शेवभाजीचं ताट पुढे करून विषय बदलतो. तरी फोटोचा नाद आहेच, तो फक्त जहाजावर चालतो. मॅनेजर झाल्यावर त्याला एकट्याची केबिन मिळाली. पाण्याच्या पातळीखाली, खिडकी नसलेली. तिथल्या हातभर टेबलावर तो रात्री देखावे मांडतो.

हे बी मीच पेरलं. शाळेत असताना त्याला चाळीसगावला केकी मूस यांचं घर दाखवायला नेलं होतं. १९१२ साली मुंबईत जन्मलेला, विलायतेत शिकून आलेला हा पारशी माणूस चाळीसगावच्या स्टेशनाजवळच्या बंगल्यात जाऊन राहिला आणि पुढे जवळपास पन्नास वर्षं, १९८९ साली जाईपर्यंत, उंबऱ्याबाहेर फारसा पडलाच नाही. घरातल्याच वस्तू टेबलावर मांडून, उजेड नेमका टाकून त्यांनी अख्खे देखावे उभे केले आणि टिपले. पोरगं त्या फोटोंपुढून हलेना. गाडी चुकेल म्हणून मला दंड धरून ओढावं लागलं.

यंदा त्यानं आपल्या टेबलाचा एक फोटो आणला. मेसमधून आणलेला कॉफीचा ओला चोथा पसरून काळी माती. भटारखान्यातल्या वाळक्या रोझमेरीच्या काड्या ओळीनं खोचलेल्या, आणि कान साफ करायच्या काड्यांचा कापूस चिमटीनं सोडवून प्रत्येकीला बोंडासारखा चिकटवलेला. उजेड बॅटरीचा, तोही ट्रेसिंग पेपरमधून गाळलेला, म्हणजे पहाट. जहाजाची थरथर टेबलात उतरते, म्हणून फोटो बंदरात उभे असताना काढला. एवढं सगळं त्यानं मला सांगितलं म्हणून कळलं. नाहीतर मी, उभं आयुष्य पडदे टांगलेला माणूस, ती कुणाची तरी कपाशीच समजलो असतो.

दाजींना मात्र काहीच सांगितलं नव्हतं. त्यांनी चष्मा लावला, फोटो उजेडाकडे धरला, बराच वेळ बघितला.

“कोनं वावर शे हाई?”

“मनंच,” भाचा म्हणाला.

“लागन दाट व्हयी गयी,” दाजी म्हणाले. “हवा खेळाले जागा नही. बोंडं सडतीन.” आणि दोन ओळींत किती अंतर पाहिजे ते त्याला हाताच्या वितीनं, चहाच्या टेबलावर, मोजून दाखवायला बसले.