कोण पडलंय आजारी?

अंगणातल्या चुलीवर मोठं पातेलं चढवून मी अर्धा तास त्याच्यापुढं बसलो होतो. पातेल्यात पाणी, बोकडाच्या नळ्या, सीन्याचे तुकडे, आणि बस्स. हळद नाही, मसाला नाही, मीठसुद्धा नाही. आजी ओसरीवरून बघत होती. शेवटी तिला राहवेना. "कोण पडलंय रे आजारी?"

तिचं काही चुकलं नव्हतं. आमच्याकडं मटणाला मसाला लागला नाही की ते आळणी. रस्सा फोडणीला टाकायच्या आधी वाटी-दोन वाट्या पाणी बाजूला काढायचं, ते तापातून उठलेल्या माणसाला नाहीतर तिखट न सोसणाऱ्या लेकराला. धडधाकट माणसांनी, तेही रविवारी, पातेलंभर आळणी प्यायचं म्हणजे घरावर काहीतरी संकट आलेलं असणार.

मी सहा वर्षांपासून जर्मनीत, लायपझिगला राहतो. तिथल्या पहिल्या डिसेंबरात दुपारी चारला दिवस मावळायला लागला तेव्हा माझं डोकं पार बधिर झालं होतं. ऑफिसच्या कँटीनमध्ये आठवड्यातून एकदा आयनटोप्फ मिळायचं. 'आयन' म्हणजे एक आणि 'टोप्फ' म्हणजे भांडं. आपला टोपच की! दोन्ही शब्दांचं नातं असो-नसो, माझ्या लक्षात तेवढ्यामुळंच राहिला. एका टोपात हाडं, मांस, गाजर, बटाटे, कोबी, कधी वाटाणे नाहीतर मसूर, सगळं एकत्र रटरटलेलं. मसुराचं असलं की लोक वरून चमचाभर व्हिनेगर टाकतात. पहिल्या घासाला वाटलं, मीठ विसरलेत. दुसऱ्याला वाटलं, सगळंच विसरलेत. आठवा-दहावा आठवडा उजाडला तेव्हा मी त्या दिवसाची वाट बघायला लागलो होतो.

करायला शिकवलं ते मजल्यावरच्या शेजारीण आजीबाईंनी. वय ऐंशीच्या पुढं, आणि शिकवायची पद्धत आमच्या शाळेतल्या गणिताच्या सरांसारखी. त्यांनी आधी मला बाजारात पाठवलं ते 'झुपेनग्र्यून' आणायला. ही तिथं मिळणारी सूपची तयार जुडी: गाजर, लीक नावाची जाड कांद्याची पात, सेलरीच्या गड्ड्याची फोड आणि पार्सली, रबरबँड लावून बांधलेली. आपल्याकडं भाजीवाली कोथिंबीर-कढीपत्ता-मिरची एकत्र देते ना, तसंच. फक्त इथं फुकट मिळत नाही.

मग त्यांनी एक कांदा सालीसकट मधोमध कापला आणि कोरड्या तव्यावर पालथा घातला. पार काळा होईपर्यंत हलवला नाही. हे रंगासाठी आणि वासासाठी, म्हणाल्या. मी मनात म्हटलं, लातूर जिल्ह्यातल्या माणसाला कांदा जाळायला जर्मनीत शिकवायलेत! आई चुलीच्या आरात कांदा अन् खोबऱ्याची वाटी पुरून ठेवते, तो वास मी आठवीनवीपासून शर्टाला घेऊन शाळेत गेलेलो.

आजीबाईंकडूनच आयनटोप्फ या शब्दाची एक कडू गोष्ट कळली. 1933 मध्ये हिटलरच्या सरकारनं फर्मान काढलं की ऑक्टोबरपासून हिवाळ्यात महिन्यातला एक रविवार सगळ्या घरांनी आयनटोप्फच खायचं आणि वाचलेले पैसे सरकारी मदतनिधीत टाकायचे. वर्गणी गोळा करायला माणसं दारावर यायची. असली सुपं आधीपासून होतीच; आयनटोप्फ हा शब्द मात्र घराघरांत रुळला तो त्या काळात. आजीबाईंच्या आईनं पुढं आयुष्यभर रविवारी सूप केलं नाही. आजीबाई स्वतः शनिवारी करतात.

तर हे सगळं गावाकडं करून दाखवायचं मी ठरवलं. 30 डिसेंबर 2024 ला वेळा अमावस्या होती, तिच्यासाठी सुट्टी काढून आलो होतो. लातूर-धाराशिवकडच्या वाचकांना सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी: त्या दिवशी अख्खं गाव शेतात असतं. कडब्याच्या खोपीत पांडव पुजायचे, मग बाजरीचे उंडे, आंबील आणि भज्जी. भज्जी म्हणजे कांदाभजी नव्हे. तुरीचे, वाटाण्याचे, हरभऱ्याचे ओले दाणे, मेथी, गाजर, शेंगदाणे, रानात जे असेल ते बेसनात अन् आंबट पाण्यात एकाच भांड्यात शिजवलेलं. मी आबांना म्हटलं, हेच की आयनटोप्फ, फक्त मटण नाही. आबांनी माझ्याकडं असं बघितलं की मी पुढचं वाक्य गिळलं.

मटणाला मुहूर्त एकच रविवार होता. मंगळवारी तुळजापूरला शाकंभरी नवरात्र बसणार, म्हणजे घरात मटण बंद. शनिवारी लातूरला गेलो. गंजगोलाईला, म्हणजे तिथल्या मुख्य बाजारपेठेच्या चौकाला, सोळा रस्ते येऊन मिळतात, पण लीक त्यातल्या एकावरही मिळत नाही. पातीचा कांदा घेतला. सेलरीच्या गड्ड्याऐवजी नवलकोल. पार्सलीच्या जागी कोथिंबीर, पण तिची पानं शेवटी घालायची आणि काड्या दोऱ्यानं बांधून आधीपासून पाण्यात सोडायच्या. खरा वास काड्यांत असतो. तिथं यासाठी गायीच्या पायाच्या हाडाचे आडवे काप घेतात. मी तिथंही तुर्की दुकानातून मेंढीचं आणतो, इथं तर बोकडच. खाटकाला म्हटलं, "एक किलो, नळी जास्त दे, सीना दे, चरबी राहू दे." तो म्हणाला, "बिर्याणी?" मी म्हटलं, "सूप." त्यानं नळीचा एक तुकडा फुकट वाढवला. बहुतेक त्यालाही वाटलं घरात आजारी आहे.

पहिला खटका गॅसवरून उडाला. तीन तास शिजवायचंय म्हटल्यावर वहिनीनं शेगडीसमोर उभं राहून सांगितलं, "भाऊजी, कुकरला सहा शिट्ट्या द्या अन् मोकळे व्हा." कुकरमध्ये मटण शिजतं, हे खरंय. पण शिट्टीच्या जोरानं चरबी पाण्यात घुसळली जाते आणि सूप गढूळ होतं. मी चूल मागितली. तिथं मीच फसलो. अंगणात तुराट्यांचा ढीग होता, त्याच लावल्या. तुराट्या भडकतात कागदासारख्या. दहा मिनिटांत पातेलं धबाधबा उकळायला लागलं. आबा न बोलता उठले, तुराट्या ओढून काढल्या, बाभळीची दोन लाकडं सरकवली आणि परत पेपर वाचायला बसले. मग पाहिजे तसा जाळ मिळाला: पाण्यावर मधूनच एखादा बुडबुडा यायचा, तेवढाच.

हाडं थंड पाण्यातच टाकायची. पाणी हळूहळू तापलं की मांसातली प्रथिनं गोठून करडा फेस वर येतो, तो झाऱ्यानं काढत राहायचं. आई शेजारी येऊन उभी राहिली. "आरं, अर्धा जीव त्या फेसातच काढून टाकायलास की!" मी काढत राहिलो. पाऊण तासानं पाणी निवळलं, तेव्हा भाजलेला कांदा, काड्यांची जुडी, दहा मिरे आणि मीठ टाकलं. हा कांदा आईनंच आरात भाजून दिला. तेवढ्या एका कामात तिनं मला शहाणपण शिकवू दिलं नाही.

मटण दोन तासांनी मऊ पडलं. मग गाजर अन् नवलकोल, मग बटाटे, कोबी आणि रानातून आणलेले तुरीचे ओले दाणे. टोमॅटो अगदी शेवटी. वहिनीनं माझी पाठ वळल्यावर तीन टोमॅटो बटाट्यांबरोबरच टाकले होते. आंबटपणानं बटाटा लवकर शिजत नाही. तो कचकचीतच राहिला आणि जेवण अर्ध्या तासानं लांबलं. नऊ माणसं, सगळी भुकेली, आणि घराण्यात पहिल्यांदाच चुलीवर एक पुरुष. त्या अर्ध्या तासात मला काय काय ऐकावं लागलं ते इथं लिहीत नाही.

वाढलं. पुतण्या म्हणाला, "काका, जर्मनीत सूपमध्ये मॅगी टाकतात का?" पोरानं चुकून बरोबर विचारलं. तिथं मॅगी म्हणजे नूडल्स नव्हेत, तपकिरी बाटलीतला खारट काळा रस. 1886 मध्ये युलियुस माग्गी नावाच्या स्विस माणसानं काढला, कँटीनच्या टेबलावर मिठाशेजारी असतो. एका पाल्याला तर चव जुळते म्हणून 'माग्गीक्राउट' म्हणतात, जरी त्या बाटलीत तो पाला नसतो. मी हे सांगत होतो तोवर पुतण्या अंगणात पळाला होता.

आबांनी भाकरी कुस्करली, वर दोन पळ्या सूप ओतलं, ठेचा मागितला. आजीनं दोन वाट्या प्यायल्या, नळी ताटावर आपटून आतला गर काढला आणि निकाल दिला: "चांगलंय. पण ह्याला कालवण म्हणू नको."

खरी गंमत दुसऱ्या दिवशी. उरलेलं पातेलं रात्री ओसरीवर झाकून ठेवलं होतं, थंडी कडाक्याची. सकाळी सहाला आईची हाक आली, "उठ, नासलं तुझं सूप!" जाऊन बघतो तर वर चरबीचा पांढरा थर आणि खाली सगळं गोठून थुलथुलीत. पातेलं हलवलं की आतलं अख्खं थरथरायचं. हाडातला आणि शिरांमधला चिकट भाग तीन तासांत विरघळून पाण्यात उतरतो आणि गार पडला की असा धरतो. लायपझिगला असं धरलं तर मी फोटो काढतो. आईला म्हटलं, नासलं नाही, उलट जमलंय. तिनं चमच्यानं टोचून बघितलं. "पायासारखं झालंय," म्हणाली, आणि पातेलं आत घेऊन गेली.

दुपारी ताटात जे आलं ते ओळखीचं होतं आणि नव्हतंही. लसणाची फोडणी, दोन चमचे काळा मसाला आणि मूठभर येसर पाण्यात कालवून लावलेलं. भाजलेल्या गहू-हरभऱ्याच्या त्या पिठानं सूप दाट, काळपट, तर्रीदार झालं होतं. त्यात माझी गाजरं अन् नवलकोल पाहुण्यांसारखी अवघडून बसलेली. आजीनं ह्याला कालवण म्हटलं. खरं सांगतो, माझ्या तीन तासांच्या मेहनतीपेक्षा ते चांगलं लागलं, आणि माझ्या तीन तासांशिवाय ते तसं झालं नसतं. हे दुसरं वाक्य मी तिथं बोललो नाही.

आता बॅगेत किलोभर येसर आलंय. मागच्या शनिवारी टोप चढवला होता, तेवढ्यात आईचा व्हिडिओ कॉल. मी फोन ओट्यावर टेकवून ठेवला. तिनं मानबिन तिरकी करून पातेल्यात बघायचा प्रयत्न केला आणि पहिला प्रश्न विचारला.

"फेस काढलास का नीट?"