जुन्नरच्या एसटीतून आलेलं पुस्तक

काल रात्री साडेआठला वाकडेवाडीच्या स्टँडवर जाऊन एक पुस्तक ताब्यात घेतलं. जुन्नरच्या गाडीत कंडक्टरच्या सीटखालून आलं, वर्तमानपत्रात गुंडाळून सुतळीने बांधलेलं. तारखेच्या चिठ्ठीवर माझाच जांभळा शिक्का, सोळा दिवस उलटून गेलेला.

मी ज्या वाचनालयात काम करते तिथला एक वाचक, एमपीएससीचा अभ्यास करणारा, आजी आजारी म्हणून घाईने गावी गेला. इकडे त्याच पुस्तकासाठी पाच जण नंबर लावून बसलेले. त्याने फोन केला, "मॅडम, इथल्याच वाचनालयात जमा केलं तर?" नाही चालत, बाबा. पुस्तक आमच्या दाखल नोंदवहीतलं, तिथल्यांनी ते कुठे चढवायचं?

माझी मावसबहीण अमेरिकेत ओरेगन राज्यात असते. तिच्या काउंटीत, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागात, 'लायब्ररी डिस्ट्रिक्ट' आहे. लोकांनी मतदान करून मालमत्ता करात वाचनालयाचा वेगळा वाटा लावून घेतला. आता काउंटीभर एकच कार्ड, पुस्तक इथे घ्या, तिथे परत करा. मला हेवा वाटला. मग तिनेच डग्लस काउंटीचं सांगितलं. राज्य तेच, पण तिथे लाकूडतोडीचं उत्पन्न आटलं, काउंटीची तिजोरी रिकामी झाली. असाच डिस्ट्रिक्ट करायचा प्रस्ताव नोव्हेंबर 2016 मध्ये मतदारांपुढे आला आणि पडला. 2017 च्या मेअखेर काउंटीच्या सगळ्या, म्हणजे 11 वाचनालयांना कुलूप!

आपल्याकडे मतदानाचा प्रश्नच नाही. मद्रास प्रांताने 1948 मध्येच जिल्हावार ग्रंथालय प्राधिकरणं आणि घरपट्टीवर उपकर आणला. महाराष्ट्राचा ग्रंथालय कायदा 1967 चा, त्यात उपकर नाही. आपल्याकडे वाचनालयांचे अ, ब, क, ड वर्ग आणि सरकारी अनुदान, तेही दोन हप्त्यांत. आम्ही 'ब'. हप्ता लांबला की माझा पगार लांबतो, म्हणून माझं मत निःपक्षपाती नाही, हे आधीच सांगते.

तरी परवा घरपट्टीचं बिल नीट वाचलं. त्यात वृक्षकर आहे. आणखी एक ओळ आली असती तर मी कुरकुर न करता भरली असती. ह्यांना म्हटलं, तर म्हणाले, "आणि सोसायटीतले बाकीचे?" तिसऱ्या मजल्यावरचे काका लिफ्टच्या दुरुस्तीचे पैसेसुद्धा तीनदा मागितल्यावर देतात. मी गप्प बसले.

दंड सोळा रुपये झाला होता. त्या वाचकाने तो फोनवरून लगेच पाठवला. खाली मेसेज होता, "मॅडम, दुसरा भाग उद्याच्या गाडीने पाठवता का? कंडक्टर ओळखीचे आहेत."