गोव्याहून गुलमर्ग: आधी बर्फाची तारीख, मग विमानाची

डिसेंबरात गोव्याचा माणूस सहसा गोवा सोडत नाही. नाताळ ते नववर्ष हा धंद्याचा मोसम. आमच्या गटातले निम्मे लोक हॉटेल, टॅक्सी नाहीतर शॅकला बांधलेले आणि उरलेल्यांच्या घरी मुंबई-पुण्याचे पाहुणे. त्यामुळे बर्फ बघायला जायचं तर फेब्रुवारीतच, हे न ठरवताच ठरलं. ते बरंच झालं म्हणायचं. नाताळची पॅकेजं घेऊन गेलेले ओळखीचे लोक गुलमर्गच्या वाळक्या गवतावर उभे राहून फोटो काढून आले होते.

खूप थंडी पडली की बर्फ पडतोच, असा आपल्याकडे समज आहे. काश्मीरमध्ये सर्वांत कडक थंडी 21 डिसेंबरपासूनच्या चाळीस दिवसांत, ज्याला तिथे चिल्लई कलान म्हणतात. त्या दिवसांत दल सरोवराच्या कडा गोठतात, नळ फुटतात, पण आकाश निरभ्र असेल तर बर्फाचा कणसुद्धा पडत नाही. थंडी तिथे घरचीच असते, ओलावा मात्र बाहेरून यावा लागतो. तो आणतो पश्चिमी झंझावात, म्हणजे बातम्यांमधला वेस्टर्न डिस्टर्बन्स. भूमध्य समुद्राच्या बाजूला तयार झालेली ही कमी दाबाची क्षेत्रं इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान असा प्रवास करत हिमालयाला येऊन धडकतात. त्यांना वाहून आणतो साधारण 12 किलोमीटर उंचीवरून पश्चिमेकडून पूर्वेकडे धावणारा वेगवान वाऱ्याचा पट्टा, म्हणजे जेट प्रवाह. हिवाळ्यात तो दक्षिणेकडे सरकून उत्तर भारतावर येतो, म्हणून हे झंझावात हिवाळ्यात आपल्या वाट्याला येतात. वाटेत भूमध्य आणि कॅस्पियन समुद्र, इराणचं आखात यांचा ओलावा मिळतो. जेटला पडलेला बाक बराच दक्षिणेपर्यंत उतरला तर अरबी समुद्राचाही. मिरामारला आपण ज्याच्या लाटा मोजतो त्याच दर्याचं पाणी गुलमर्गला पांढरं होऊन पडू शकतं, हे कळल्यावर आमच्यातल्या मुलांना फार गंमत वाटली.

तारखा ठरवल्या त्या भाईंनी. भाईंचा मालिमच्या जेटीवर ट्रॉलरचा धंदा आहे, वाऱ्याचे नकाशे ते पेपराआधी उघडतात. "दर्यावरचं वारं बघतो तसंच हे, फक्त उंची वाढवायची," म्हणाले आणि मोबाइलवर विंडी हे वाऱ्याचं ॲप उघडून 250 हेक्टोपास्कलची, म्हणजे साधारण जेटच्या उंचीची पातळी लावून दाखवली. जेटचा पट्टा सरळ आडवा दिसला तर काश्मीर कोरडं. इराण-अफगाणिस्तानवर तो दक्षिणेकडे खोल झुकलेला दिसला, की एक-दोन दिवसांत काश्मीरवर ढग. पाच-सहा दिवस आधी हे बऱ्यापैकी कळतं. त्यापुढचा अंदाज घ्यायचा तर हवामान खात्याचा दर गुरुवारी निघणारा विस्तारित अंदाज वाचावा. त्यातून तारीख मिळत नाही, आठवडा ओला की कोरडा एवढंच समजतं. तेवढ्यावर रजा टाकता येते.

याहून लांबचं गणित मात्र भरवशाचं नाही. एल निनोच्या, म्हणजे पॅसिफिक महासागराचं पाणी नेहमीपेक्षा गरम असतं त्या हिवाळ्यात या झंझावातांना सरासरीने जोर असतो, म्हणून 2023-24 मध्ये बर्फ भरपूर पडेल असं कुणाला वाटलं असतं तर ते चूक नव्हतं. प्रत्यक्षात गुलमर्ग जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत कोरडं राहिलं. 2025 मध्येही फेब्रुवारीतल्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा बर्फाअभावी मार्चमध्ये ढकलाव्या लागल्या. दुसरा धागा अटलांटिकवरचा. आइसलँडवरचा कमी दाब आणि अझोर्स बेटांवरचा जास्त दाब यांच्यातला फरक वाढला की आपल्याकडच्या झंझावातांनाही बळ मिळण्याकडे कल असतो. अझोर्स म्हणजे पोर्तुगालची बेटं. भाईंच्या आईला हे सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे पोर्तुगीज गेले तरी वारं त्यांचंच?" पण यातलं कुठलंही एक बटण दाबलं आणि बर्फ आला, असं होत नाही. एल निनोच्या बातमीवर सहा महिने आधी विमानाची तिकिटं काढू नयेत.

आम्ही केलं ते असं: पंधरवडा मोकळा ठेवला, रद्द करता येतील अशी हॉटेलं धरली आणि जेटचा बाक दिसल्यावर विमान घेतलं. मोपाहून दिल्ली, तिथून श्रीनगर. तिकीट अर्थातच महाग पडलं. लवकर काढलेल्या स्वस्त तिकिटावर बर्फाविना परत येण्यापेक्षा हे मला तरी परवडलं. शाळेची मुलं बरोबर असतील तर एवढी मोकळीक मिळत नाही, हेही खरं. त्यांनी निदान जानेवारीच्या शेवटापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतचा काळ धरावा.

झंझावाताच्या एक दिवस आधी गुलमर्गला पोचणं सगळ्यात उत्तम. पडत्या बर्फात टंगमर्ग ते गुलमर्ग हा 13 किलोमीटरचा चढ साखळ्या लावलेल्या गाडीशिवाय चढू देत नाहीत, आणि तिथे गाडी बदलताना दरावरून जी घासाघीस होते तिने अर्धा दिवस जातो. लांब बूट आणि कोट भाड्याने देणारेही टंगमर्गलाच गाडी अडवतात. बूट जरूर घ्या, आपल्या चपला-स्पोर्ट शूजचं तिथे काम नाही. भाव मात्र आधी ठरवा आणि बूट आतून ओले नाहीत ना, हात घालून बघा.

श्रीनगरमध्येच मुक्काम ठोकून गुलमर्ग "एका दिवसात करू" म्हणणाऱ्यांसाठी एक हिशेब. श्रीनगर समुद्रसपाटीपासून सुमारे 1,585 मीटरवर, गुलमर्ग 2,650 वर. दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. म्हणजे श्रीनगरला 4 अंशांत चिखलाचा पाऊस पडत असेल तेव्हा गुलमर्गला उणे 2-3 मध्ये बर्फ असतो. आमच्या वेळी नेमकं हेच झालं. श्रीनगरला छत्री उघडून बसलेल्या एका कुटुंबाला वाटत होतं की आपला मुहूर्त चुकला, आणि दीड-दोन तासांवर वर पाइनच्या फांद्या बर्फाने वाकल्या होत्या.

आणखी एक खूण. बर्फ पडायच्या आदल्या रात्री थंडी कमी वाटते, कारण ढगांचं पांघरूण असतं. बर्फ थांबून आकाश उघडलं की त्या रात्री हाडं गोठतात. जाड कपडे त्या रात्रीसाठी राखून ठेवा. सुती बनियन आत घालू नका, घामाने भिजलं की वाळत नाही. लोकरीचं नाहीतर सिंथेटिक थर्मल, त्यावर स्वेटर, वरून वारा अडवणारं जॅकेट. बर्फावरून ऊन डोळ्यांवर येतं, काळा चष्मा विसरू नका.

गोंडोलाचं, म्हणजे डोंगरावर नेणाऱ्या केबल कारचं तिकीट ऑनलाइन काढावं लागतं आणि ते लवकर संपतं, म्हणून तारीख ठरली की पहिलं काम हेच. पहिला टप्पा कोंगडोरीपर्यंत, दुसरा अफरवाट डोंगराच्या खांद्यापर्यंत, जवळजवळ 3,950 मीटर. वारा सुटला की दुसरा टप्पा बंद होतो, म्हणून झंझावात ओसरल्यानंतरचा दिवस धरावा. वर धाप लागते. भाईंसकट सगळ्यांची चाल मंदावली होती. आखून दिलेल्या भागाबाहेर मात्र अजिबात जाऊ नका. ताज्या बर्फानंतरच हिमस्खलनाचा धोका जास्त असतो. फेब्रुवारी 2024 मध्ये याच डोंगरावर एका परदेशी स्कीपटूचा जीव गेला. चंदीगडची डीजीआरई ही संस्था हिमस्खलनाचे इशारे देते, ते सकाळी बघून मगच बाहेर पडा.

जेवणाची काळजी नको. काश्मिरी माणूस आपल्यासारखाच भातखाऊ. हाक नावाची पालेभाजी आणि भात यावर आमची मावशी खूश होती, ट्राउट मासा मिळाल्यावर तर हुमणाची आठवणही निघाली नाही. आपल्याकडचं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, गटात निदान दोन पोस्टपेड हवेत. थंडीत मोबाइलची बॅटरी झरझर उतरते, फोन आतल्या खिशात ठेवा. हॉटेल घेताना खोलीला सेंट्रल हीटिंग आहे की नुसतं इलेक्ट्रिक ब्लँकेट, हे स्पष्ट विचारून घ्या.

परतीला एक दिवस हाताशी ठेवा. झंझावात लांबला की श्रीनगरची उड्डाणं रद्द होतात, आणि दिल्लीहून पुढचं गोव्याचं विमान वेगळ्या तिकिटावर असेल तर ते पैसे बुडाले समजा.

काश्मीर जमत नसेल तर हाच झंझावात पुढे हिमाचललाही बर्फ देतो. मनालीहून अटल बोगद्यातून लाहौलमधल्या सिस्सू गावाला जाता येतं, पण जोराच्या बर्फात बोगदा पर्यटकांना बंद करतात. त्याच लाहौल-स्पीतीत सुत्री ढाका हिमनदीजवळ हिमांश नावाचं संशोधन केंद्र आहे, 2016 पासून. ते चालवते आपल्या वास्कोच्या हेडलँड सड्यावरची ध्रुवीय आणि समुद्र संशोधनाची राष्ट्रीय संस्था. तिथे पर्यटकांना प्रवेश नसतो, तेव्हा त्या दिशेचा बेत आखू नका. सिस्सूच पुरे.