आमची वाटचाल: चपलेच्या चामड्यापासून रिव्हॉल्व्हरच्या होल्स्टरपर्यंत

कोल्हापुरात चामड्याचे काम करणाऱ्या घराला आपल्या धंद्याची ओळख वेगळी करून द्यावी लागत नाही, कारण पुढचे सारे ऐकणाराच चपलांवरून बोलून टाकतो. आमच्या घरातही आजोबा आणि वडील चपलाच बांधत असत. 1994 साली वडिलांच्या ओळखीचे एक निवृत्त सुभेदार आपले जुने, तोंडाशी फाटलेले होल्स्टर, म्हणजे शस्त्र अंगावर वाहायचे कव्हर, घेऊन आले आणि अगदी असेच एक नवे करून द्या म्हणाले, तेव्हापासून आमच्या कामाची दिशा बदलली. आज आम्ही सहा जण आहोत आणि परवानाधारकांच्या रिव्हॉल्व्हर व पिस्तुलासाठी होल्स्टर शिवणे एवढेच आमचे काम आहे.

एक गोष्ट आरंभीच स्पष्ट करतो, कारण नवीन ग्राहकांचा तिथे हमखास गैरसमज होतो. आम्ही शस्त्रांची दुरुस्ती करत नाही आणि कोणाचेही शस्त्र ठेवून घेत नाही. त्या कामाला वेगळा परवाना लागतो आणि तो आमच्याकडे नाही. ग्राहकाने शस्त्र रिकामे करून, काडतुसे वेगळी ठेवून, स्वतःच्या हाताने आमच्या टेबलावरच्या कापडावर ठेवायचे, आम्ही त्याच्यासमोर मापे घ्यायची आणि चहा संपायच्या आत शस्त्र पुन्हा त्याच्या ताब्यात जायचे, अशी आमची रीत आहे. पुढचे सारे काम त्या मापांवरून केलेल्या लाकडी साच्यावर होते.

या धंद्यात आम्हाला खरे शहाणपण आले ते एका चुकीतून. सुरुवातीची काही वर्षे आम्ही पिशव्यांसाठी मिळणारे क्रोम पद्धतीने, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी, कमावलेले चामडे वापरत होतो. ते मऊ असते, त्याला चकाकी असते, ते स्वस्तही पडते, आणि ग्राहकाला हातात घेताच आवडते. 2003 साली गणपतीनंतर राजापूर भागातील एक व्यापारी आमच्याकडे आले. त्यांच्या वडिलांचे .32 बोअरचे रिव्हॉल्व्हर त्यांनी पावसाळ्याच्या तोंडाला आमच्या नव्या होल्स्टरमध्ये घालून कपाटात ठेवले होते, आणि ते थेट सप्टेंबरमध्ये बाहेर काढले होते. नळीची जी बाजू चामड्याला टेकून होती तिथे लालसर गंज चढला होता, आणि आतल्या शिवणीचे टाके जिथे जिथे धातूला लागले होते तिथे तिथे ठिपक्यांची एक सरळ रांग उमटली होती. आमचे टाके त्या गंजात मोजता येत होते. ते गृहस्थ आवाज न चढवता एवढेच म्हणाले, “हे तुमच्या कव्हरानं केलं की माझ्या कपाटानं, तेवढं फक्त सांगा.” त्या दिवशी मला उत्तर देता आले नाही. परवानाधारक कारागिराकडून नळीची काळसर निळी झिलई, म्हणजे ब्ल्यूइंग, पुन्हा करून घेण्याचा खर्च आम्ही दिला. पण गंजाने पडलेले बारीक खड्डे घासून काढायचे तर वडिलांच्या त्या शस्त्रावरची अक्षरे आणि शिक्केही पुसट झाले असते, म्हणून ते खड्डे तसेच राहिले.

उत्तर शोधण्यात पुढचे वर्ष गेले. ब्ल्यूइंग म्हणजे वरून दिलेला रंग नव्हे आणि मुलामाही नव्हे. कॉस्टिक सोडा आणि नायट्रेट क्षारांच्या साधारण 140 अंश सेल्सियसच्या उकळत्या द्रावणात पोलाद बुडवले की त्याच्याच पृष्ठभागाचे काळसर निळ्या ऑक्साइडमध्ये रूपांतर होते. हा थर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या आसपास, इतका पातळ असतो, आणि तो स्वतः गंज फारसा रोखत नाही. तो तेल धरून ठेवतो आणि गंज रोखण्याचे काम ते तेल करते. चामडे नेमके याच्या उलट वागते. ते धातूवरचे तेल शोषून घेते आणि हवेतील ओल धरून ठेवते. क्रोमने कमावताना कातडे आधी मीठ आणि गंधकाम्लात मुरवतात, आणि धुण्यात कसर राहिली तर ते क्षार चामड्यातच राहतात. अशा चामड्याला कोकणातल्या जुलैची हवा मिळाली की व्हायचे तेच होते. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेल्या चामड्यातही आम्ल असतेच, त्यामुळे आमचे चामडे चांगले आहे तेव्हा शस्त्र खुशाल त्यातच ठेवा, असे आम्ही आजही कोणाला सांगत नाही. होल्स्टर शस्त्र अंगावर वाहण्यासाठी आहे. घरी आल्यावर शस्त्र बाहेर काढून, रिकामे करून, पुसून, तेलाचा हात फिरवून, सुती कापडात आणि सिलिका जेलच्या पुडीसह कुलपात ठेवले पाहिजे, आणि काडतुसे त्यापासून वेगळी ठेवली पाहिजेत. 2004 पासून आमच्या प्रत्येक डब्यात हे लिहिलेला कागद असतो, आणि डबा देताना आम्ही तो वाचूनही दाखवतो.

त्याच वर्षी आम्ही क्रोमचे चामडे सोडून चपलांच्या चामड्याकडे, म्हणजे आजोबांच्या सालीच्या आणि हिरड्याच्या चामड्याकडे परतलो. त्याचे खरे कारण गंजाहूनही मोठे आहे. क्रोमचे चामडे साच्यावर बसवले तरी आकार धरत नाही. सालीचे चामडे कोमट पाण्यात भिजवून, बुडबुडे थांबले की साच्यावर चढवून, गुळगुळीत हाडाने काडतुसे बसतात त्या सिलिंडरच्या आणि चापाभोवतीच्या (ट्रिगरभोवतीच्या) कडीच्या कडा दाबत गेले, की वाळल्यावर ते त्या आकारात घट्ट उभे राहते. आम्ही साधारण साडेतीन मिलिमीटर जाडीचे चामडे वापरतो, रापीने कापतो, आरीने भोके पाडतो आणि मेण लावलेला दोरा दोन सुयांनी, दोन्ही बाजूंनी एकाच भोकातून ओवतो, म्हणजे एक पदर तुटला तरी दुसरा शिवण धरून ठेवतो. उन्हाळ्यात सावलीत वाळायला एक दिवस पुरतो, श्रावणात तीन दिवसही कमी पडतात. 2015 साली राज्यात बैलाच्या कत्तलीवरही बंदी आल्यावर आम्ही म्हशीच्या चामड्यावर आलो. त्याचा पोत सैल असल्याने पहिले काही महिने बरेच नग बाद करावे लागले.

आकार धरण्यावर मी एवढा भर देतो, कारण सुरक्षितपणा त्यावरच अवलंबून आहे. चाप आणि त्याची कडी पूर्ण झाकली गेली पाहिजे, आणि बाहेरून बोट किंवा किल्ली चापापर्यंत पोहोचता कामा नये. शस्त्र काढल्यावरही होल्स्टरचे तोंड उघडे राहिले पाहिजे, नाहीतर परत घालताना माणूस डाव्या हाताने तोंड फाकवतो आणि नळी स्वतःच्याच हातावर रोखतो. जुने, मऊ पडलेले होल्स्टर सर्वांत घातक असते, कारण त्याची आत वळलेली कड चापाच्या कडीत शिरते आणि शस्त्र खाली दाबताच चाप ओढला जातो. म्हणून आमचे होल्स्टर तोंडाशी लुळे पडले की ते परत घेऊन आम्ही नवे सवलतीत देतो आणि जुने ग्राहकादेखत कापून टाकतो. शस्त्र परत घालताना घाई कधीच करू नये. बोट चापापासून दूर, शस्त्राच्या सांगाड्याच्या कडेला सरळ ठेवावे आणि सदऱ्याचे टोक किंवा जॅकेटची दोरी आत जात नाही ना, हे डोळ्यांनी पाहावे. ज्या जुन्या रिव्हॉल्व्हरांत घोडा (काडतुसावर आदळणारा मागचा भाग) आणि काडतूस यांच्यामध्ये अडसर नसतो, त्यांत घोड्याखालचे सिलिंडरमधले घर रिकामे ठेवण्याची जुनी पद्धत आजही पाळण्यासारखी आहे, कारण असे शस्त्र घोड्यावर पडले तर गोळी सुटू शकते.

2014 साली कानपूरहून सुमारे अर्धा किलो वजनाचे ‘निर्भीक’ रिव्हॉल्व्हर आले आणि महिला ग्राहक पर्समध्ये शस्त्र ठेवण्याविषयी विचारू लागल्या. किल्ल्या, पेन आणि मोबाइल असलेल्या कप्प्यात सुटे शस्त्र ठेवणे मला मुळीच मान्य नाही. त्यांच्यासाठी आम्ही स्वतंत्र कप्प्यात घट्ट बसणारे, चाप झाकणारे ताठ कव्हर केले, आणि पर्स नजरेआड ठेवायची नाही ही अटही सांगितली.

2016 च्या शस्त्र नियमांनी सार्वजनिक ठिकाणी शस्त्र होल्स्टरमध्ये, पूर्ण झाकलेले आणि वाहणाऱ्याच्या नियंत्रणात असले पाहिजे असे घालून दिले. तोवर आमच्याकडे लग्नसराईत कमरेला दिसेल असे नक्षीचे होल्स्टर मागणारे बरेच येत. नियम आल्यावर आम्ही तो प्रकार बंद केला, विक्री काही काळ निम्म्यावर आली, आणि तरीही तो निर्णय आधीच घ्यायला हवा होता असे मला वाटते. आनंदाच्या भरात हवेत गोळी झाडणे 2019 च्या दुरुस्तीने शिक्षापात्र गुन्हा झाले आहे.

झिलईच्या बाबतीत आपल्या घरांतल्या दोन सवयी मी नेहमी सांगतो. तांब्या-पितळेची भांडी चिंचेने लखलखतात म्हणून एका ग्राहकाच्या घरी रिव्हॉल्व्हरही चिंच लावून घासले गेले. चिंचेचे आम्ल गंजाबरोबर ब्ल्यूइंगही खाते. ती नळी पांढरी पडून आमच्यासमोर आली. दुसरी सवय खंडेनवमीची. शस्त्रावर ओले हळदकुंकू आणि झेंडूची फुले वाहिली की ती दुसऱ्या दिवशीपर्यंत तशीच राहतात, आणि फुलाखाली गोल डाग उठतो. पूजा आम्हीही मनोभावे करतो. आमच्या कारखान्यात आरी आणि रापी पाटावर मांडलेल्या असतात. शस्त्राला कोरड्या अक्षता वाहाव्यात, गंध पाटावर लावावे, आणि आरती झाल्यावर ते पुसून तेलाचा हात द्यावा. तेलही बेताचेच हवे, कारण जास्तीचे तेल सिलिंडरमधल्या काडतुसाच्या बुडाच्या टोपीत उतरून काडतूस निकामी करते. निवडणुकीच्या काळात शस्त्र जमा करण्याचा आदेश आला, तर ते होल्स्टरसह न देता तेल लावून कापडात गुंडाळून द्यावे, आणि होल्स्टर घरी ठेवावे.

सध्या आमच्या साच्यांच्या फळीवर 2023 साली आलेल्या ‘प्रबल’ रिव्हॉल्व्हरचा साचा आहे. याचे सिलिंडर बाजूला उघडते, आणि ते उघडण्याची कळ शस्त्राच्या सांगाड्यावर असल्यामुळे होल्स्टरचा अंगठ्याने उघडायचा पट्टा तिच्यावर दाब देणार नाही अशी जागा शोधावी लागते. पहिल्या दोन नमुन्यांत पट्टा कळीला घासत होता, म्हणून ते बाद केले. तिसरा काल साच्यावर चढवला आहे, आणि बाहेर पाऊस असल्याने तो वाळायला गुरुवार उजाडेल.