बाळ झालं का हो त्यांना?

आज आमच्या वंध्यत्व उपचार केंद्रातून एका बाईला परत पाठवावं लागलं. मूल होत नसलेल्या जोडप्यासाठी स्त्रीबीज द्यायला आली होती, आणि बोलता बोलता निघालं की याआधी दुसरीकडे एकदा देऊन झालंय. सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञानाच्या २०२१ च्या कायद्याप्रमाणे बीज देणारीचं वय २३ ते ३५, आयुष्यात एकदाच, आणि जास्तीत जास्त सात बीजं. "पण ताई, पोराची फी भरायचीय," ती म्हणाली. बीजांची विक्री करता येत नाही, हे मी तिला काय सांगणार? मोबदला बंद झाला म्हणून गरज थोडीच बंद झाली! पैसा आता एजंटच्या हातून जातो. पावती नाही, आणि काही झालं तर तक्रार करायला तोंड नाही.

मागच्या वेळचं सांगत होती. दहा-बारा दिवस रोज पोटात इंजेक्शन. ड्रेसवरूनच बेंबीखाली बोट टेकवून तिने मला जागा दाखवली. बीजं काढली त्याच संध्याकाळी घरी सोडलं. दोन दिवसांनी पोट इतकं फुगलं की सलवारची नाडी बांधवेना, दम लागायला लागला. एजंट फोन उचलेना. नवऱ्याला गॅस झालाय म्हणून सांगितलं आणि गल्लीतल्या डॉक्टरकडे स्वतःच्या पैशाने उपचार घेतले.

हा त्रास काही अनोळखी नाही. इंजेक्शनांनी बीजकोष प्रमाणाबाहेर उत्तेजित झाले की पोटात पाणी साठतं. बहुतेकींचं थोडक्यात निभावतं, एखादीला मात्र आयसीयूत न्यावं लागतं. म्हणून तर मूल हवं असलेल्या जोडप्याने डोनरच्या नावाने १२ महिन्यांचा विमा काढायचा, असं कायद्यातच आहे. तिला असा काही विमा असतो हेच माहीत नव्हतं. सह्या मात्र कितीतरी कागदांवर केल्या होत्या. याचा मला फार संताप येतो.

उठता उठता तिने विचारलं, "बाळ झालं का हो त्यांना?"

ते डोनरला कळत नाही. बाळावर तिचा कसलाही हक्क राहत नाही, आणि ते मला योग्यच वाटतं. २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे एक प्रकरण आलं होतं. धाकट्या बहिणीने बीज दिलं, सरोगसीतून जुळ्या मुली झाल्या, आणि पुढे नवरा म्हणायला लागला की मेहुणीच खरी जैविक आई, बायकोचा काही हक्क नाही. न्यायालयाने ते मानलं नाही, मुलींना भेटायची परवानगी आईला दिली. वाचून मनापासून बरं वाटलं होतं. पण आजच्या बाईने हक्क कुठे मागितला? आपण एवढं सोसलं ते कुणाच्या कामी आलं का, इतकंच तिला हवं होतं. नाव-गाव न सांगता नुसतं 'हो' किंवा 'नाही' सांगितलं तर कुणाचं काय बिघडणार आहे?

उद्याच्या मीटिंगमध्ये दोन गोष्टी मांडणार आहे. विम्याची प्रत डोनरच्या हातात पडल्याशिवाय पहिलं इंजेक्शन द्यायचं नाही. आणि बीजं काढल्यावर आठवडाभर रोज तिला फोन, तोही आपल्याकडून, एजंटवर सोडायचा नाही. डॉक्टर म्हणतील स्टाफ कुठाय. फोन मी करीन.