बोटीवर दहा पंगती, पोट एकच : मुंबई-गोवा-मुंबई, दोन रात्रींचा वृत्तांत

क्रूझच्या तिकिटात जेवण धरलेलं असतं. पथ्याची वाट तिथेच लागते. पैसे भरलेत म्हणजे वसूल झाले पाहिजेत, आणि 'फुकट ते पौष्टिक' हे तर आपलं जुनंच पथ्यशास्त्र. बोटीवरचं खाणं वाईट नसतं. भाज्या असतात, डाळ असते, मासे असतात, जैन जेवणही वेगळं मिळतं. बिघडतं ते पंगतींच्या संख्येमुळे. पहिल्या दिवशी उशिराचं जेवण, चहा-नाश्ता, रात्रीचं जेवण आणि मध्यरात्रीचा बुफे. दुसऱ्या दिवशी सकाळची न्याहारी धरून पाच. तिसऱ्या दिवशी उतरण्याआधी एक. दोन रात्रींत एकूण दहा वेळा ताटं मांडली जातात. माणसाला लागतात सहा. ही सहा कोणती ते घरीच ठरवा, कागदावर लिहा. बोटीवर गेल्यावर ठरवू म्हणणाऱ्याचं काही ठरत नाही.

या फेरीसाठी चालणारं गणित असं : पहिल्या दिवशी हलकं जेवण आणि रात्रीचं जेवण, दुसऱ्या दिवशी न्याहारी, गोव्यात जमिनीवर दुपारचं जेवण, रात्री बोटीवर जेवण, तिसऱ्या दिवशी न्याहारी. चहा कितीही वेळा घ्या, पण त्याच्या सोबतीला जे येतं ते मोजणीत धरा. दोन समोसे आणि एक पेस्ट्री म्हणजे सातवी पंगत झाली.

बॅगेत काय न्यायचं

बॅलार्ड पियरच्या टर्मिनलवर मोठी बॅग दारातच घेतात आणि ती केबिनपाशी यायला दोन-तीन तास लागू शकतात. त्यामुळे औषधं, ग्लुकोमीटर, रिकामी पाण्याची बाटली आणि खाऊ हातातल्या पिशवीतच हवा. घरचा शिजवलेला डबा सुरक्षा तपासणीत सहसा अडवतात, कंपनीचं सीलबंद पाकीट सहसा सोडतात. नियम प्रत्येक कंपनीचा वेगळा, म्हणून तिकिटासोबत आलेली यादी वाचा. माणशी एवढं पुरतं : भाजके चणे १५० ग्रॅम, खारवलेले नसलेले शेंगदाणे किंवा बदाम १०० ग्रॅम, सातूच्या पिठाचं एक पाकीट, मेतकुटाचं ५० ग्रॅमचं पाकीट, इसबगोल.

सातूचं पीठ एवढ्यासाठी की ते शिजवावं लागत नाही. दूध किंवा ताक बुफेवर मिळतं, तीन चमचे कालवले की झालं. नाचणीसत्त्व नेऊ नका. ते उकळावं लागतं आणि केबिनमध्ये किटली, इमर्शन रॉड, इस्त्री यांना आगीच्या भीतीने बंदी असते. सापडलं की काढून घेतात, उतरताना परत देतात. मेतकूट कशाला, ते समुद्र हलायला लागला की कळेल.

इन्सुलिन घेणाऱ्यांनी केबिनमधल्या छोट्या फ्रिजवर विसंबू नये. तो बऱ्याचदा पेयं जेमतेम गार ठेवण्यापुरताच असतो. वापरात असलेलं पेन साधारण चार आठवडे खोलीच्या तापमानाला टिकतं, एसी केबिनमध्ये काही होत नाही. धोका गोव्यात उतरल्यावर आहे. उन्हात उभ्या टॅक्सीत पर्स ठेवून देवळात गेलात तर पेन तापून निकामी होतं.

बुफे

प्लेट न घेता एक पूर्ण फेरी मारायची. हे ऐकायला सोपं आहे, पण करत कोणी नाही, कारण पहिल्या टेबलापाशीच प्लेटांची चवड असते आणि मागून रांग ढकलत असते. पहिल्या टेबलावर ब्रेड, भात, नूडल्स हे स्वस्त आणि पोट भरणारे पदार्थ. ग्रिल केलेला मासा किंवा चिकन आत, लाइव्ह काउंटरवर. तिथे पोहोचेपर्यंत ताट भरलेलं असतं. जेवणाच्या मोठ्या ताटाऐवजी सॅलडची छोटी प्लेट उचला. आधी कच्ची काकडी, टोमॅटो, गाजर आणि एक वाटी डाळ घेऊन बसा, मग दुसऱ्यांदा उठा. मेयोनीज घालून कालवलेलं सॅलड हे सॅलड नव्हे. ड्रेसिंग बाजूला ठेवलेलं असेल तर लिंबू पिळा आणि पुढे चला.

बुफेतले पोहे आणि उपमा घरच्यापेक्षा तेलकट का लागतात? ते दोन-अडीच तास वाफेच्या ट्रेमध्ये राहतात. कमी तेलात केले तर अर्ध्या तासात कोरडे पडून गोळा होतात, म्हणून स्वयंपाकी तेलाचा हात सैल सोडतो. पनीरच्या आणि मखनीच्या रश्श्यातही तेच : काजूची पेस्ट आणि क्रीम असलं की रस्सा फाटत नाही, वर साय धरत नाही. म्हणून ट्रेमधलं कमी आणि समोर करून देतात ते जास्त, हा साधा नियम. ऑम्लेटवाल्याला "एक चमचा तेल, चीज नको" म्हणा. डोसेवाल्याला "बटर नको" हे तवा ओला करायच्या आधी सांगावं लागतं. पीठ पसरल्यावर सांगून उपयोग नाही, बटर टाकायला त्याचा हात आपोआप जातो. तंदुरी रोटी 'कोरडी' मागा. साधी पिवळी डाळ, इडली, उकडलेली अंडी, ताक, दही यांत फसवणूक कमी.

फळं न्याहारीला भरपूर आणि रात्री फक्त शोभेला असतात. सकाळीच एक केळं किंवा सफरचंद केबिनसाठी मागून घ्या. संध्याकाळी समोशाची वेळ टळते. बुफेतलं खाणं जमिनीवर मात्र नेऊ नका, बहुतेक बंदरांवर ते चालत नाही.

रात्रीच्या जेवणाच्या दोन पाळ्या असतात, साधारण सातची आणि साडेनऊची. पहिली घ्या. दुसरी पाळी घेणारा माणूस चहाला हमखास खातो, जेवतोही. पहिली पाळी घेणाऱ्याला मध्यरात्रीच्या बुफेचा मोह होतो हे खरं, पण तेव्हा भूक नसते, फक्त जाग असते. एक ग्लास ताक आणि मूठभर चणे केबिनमध्ये असले की तो निभावतो.

हात साबणाने धुवा. दारातल्या सॅनिटायझरवर भागवू नका. बोटींवर पसरणाऱ्या नोरोव्हायरसवर अल्कोहोलचं जेल नीट चालत नाही. वाढायचा एकच डाव शेकडो हातांतून जातो, म्हणून वाढून झाल्यावर, जेवायला बसण्याआधी हात धुणं जास्त कामाचं.

पेयं

पेयांचं पॅकेज घेतलंत तर 'वसूल' पुन्हा सुरू होतं. हिशोब असा : ६० मिली व्हिस्की किंवा रम म्हणजे सुमारे १४० कॅलरी. त्यात टॉनिक किंवा कोला २०० मिली घातला की आणखी ७० ते ९०. सोड्यात शून्य. मॉकटेल 'हेल्दी' समजून लहान मुलांना दिवसभर पाजतात. त्यात बाटलीतलं सिरप असतं. फ्रेश लाइम सोडा 'साखर नको, मीठ थोडं' असा मागा. पाण्याची बाटली केबिनमध्ये ठेवलेली असली तरी ती कधी कधी बिलात लागते, बुफेवरचं पाणी फुकट. एसीत तहान कळत नाही, चालणं कमी होतं, मैदा वाढतो, आणि दुसऱ्या सकाळी निम्म्या बोटीला बद्धकोष्ठ. झोपताना एक मोठा चमचा इसबगोल पूर्ण ग्लासभर पाण्यात, वर आणखी अर्धा ग्लास पाणी. कमी पाण्यात घेतलं तर ते घशात फुगतं आणि अडतं.

बोट हलली तर

थंडीत कोकण किनारा बहुधा शांत असतो, एप्रिल-मे मध्ये लाटा वाढतात. खालच्या मजल्यावरच्या, बोटीच्या मधल्या भागातल्या केबिनला हेलकावा कमी बसतो. उपाशी पोटी मळमळ वाढते, तुडुंब पोटीही वाढते. चालतं ते हे : साधा मऊ भात, दही आणि त्यावर दोन चमचे मेतकूट. बुफेवाले भात-दही देतात, मेतकूट आपलं. आल्याचा तुकडा चघळा. आलेपाक चालतो, पण तो साखरेचाच, मधुमेह्यांनी जपून. उलटीची गोळी डॉक्टरांना विचारून न्या आणि बोट सुटायच्या आधी घ्या. मळमळ सुरू झाल्यावर ती पोटात टिकत नाही.

मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेतलं आणि मग जेवण उलटून पडलं, हा बोटीवरचा सगळ्यात वाईट प्रसंग. हात थरथरतात, घाम येतो आणि सगळे समजतात की बोट लागली. साखर मोजा. ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात, १५ मिनिटांनी पुन्हा मोजा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही घालू नका, बोटीवरच्या डॉक्टरांना बोलवा.

गोव्याचा दिवस

बोट मुरगाव बंदराला लागते. वास्को तिथून जवळच, पणजी सुमारे ३० किलोमीटर. उतरण्याच्या गडबडीत लोक बोटीवर भरपेट न्याहारी करतात, गोव्यात थाळी खातात आणि परतल्यावर "बोटीवरचं जेवण तर आपलंच" म्हणून तिसरं. त्या सकाळी न्याहारी दोन इडल्या, एक अंडं आणि फळ, एवढीच. गोव्यात आलात तर गोव्याचं खा, तेच या सहलीतलं सगळ्यात चांगलं जेवण.

आधी पोई, म्हणजे गोव्याचा कोंड्याचा पाव. पदेर, म्हणजे पाववाला, तो सायकलवर भोंगा वाजवत सकाळ-संध्याकाळ विकतो. पोई कोंड्यासकट गव्हाची असते म्हणून ती पावापेक्षा बरी, असं सगळीकडे सांगतात. अडचण अशी की आता पुष्कळ ठिकाणी मैद्याचाच पाव करून वर कोंडा भुरभुरतात. वरून दोन्ही सारख्याच दिसतात. फाडून पाहा : आतली जाळी करडी, जराशी खरखरीत आणि चावायला चिवट असेल तर ती पोई, पांढरी, मऊ आणि दाबली की चिकटणारी असेल तर तो कोंड्याची पावडर लावलेला पाव. सोबत आळसांद्याचं तोणाक, म्हणजे नारळाच्या वाटपातली रस्सेदार उसळ, घ्या. आळसांदे म्हणजे गोव्याची चवळी, टपोरी. एक पोई आणि वाटीभर तोणाक हे शाकाहाऱ्यांचं पूर्ण जेवण. मुगागाठी, म्हणजे मोडाच्या मुगाची उसळ, मिळाल्या तर त्याही. खतखतं मिळालं तर सोडू नका, पाच-सात भाज्या एका भांड्यात आणि वर तिरफळाचा वास. नारळ सगळ्यात असतो, म्हणून दुसरी वाटी मागू नका.

थाळीत भात, हुमण (माशाची आमटी), तळलेला मासा, सुकं, किसमूर, भाजी आणि सोलकढी येते. बसल्याबसल्या विचारा, "उकडें शीत आसा?" उकड्या तांदळाचा भात अनेक ठिकाणी असतो, पण न विचारता पांढराच वाढतात. एक वाटी शिजलेला भात, साधारण १५० ग्रॅम, म्हणजे २०० कॅलरीच्या आसपास. वाढपी न विचारता दुसरा भात टाकतो, ताटावर हात धरा. मासा बांगडा किंवा तारले घ्या, इसवणापेक्षा (सुरमईपेक्षा) स्वस्त आणि ओमेगा-३ जास्त. रव्यात घोळवलेला मासा तेल धरून ठेवतो. "रव्याशिवाय, तव्यावर" सांगा. ही फर्माइश दुपारी दीडला केली तर नकारच येईल, कारण तेव्हा कढईत एका वेळी डझनभर तुकडे सुटत असतात. सव्वाबारापर्यंत बसलात तर आचारी ऐकतो. किसमूर सुक्या सुंगटांचं (कोळंबीचं), म्हणजे मिठाचं. रक्तदाब असेल तर चमचाभरच. सोलकढीत नारळाचं दूध असतं, एक पेला पुरे. नारळ नको असेल तर फुटी कढी मागा, तीच कोकमं, नारळ नाही.

बेबिंक, हा गोव्याचा थरांचा केक, खायचीच असेल तर एक काप चौघांत. अंड्याचा पिवळा बलक, नारळाचं दूध, साखर आणि तूप, थरावर थर. यात पथ्याला जागाच नाही, म्हणून पथ्याच्या नावाने तिची साखर कमी करून विकणाऱ्याकडे जाऊ नका. फेणी ६० मिलीच्या वर नको, आणि उन्हात तर नकोच. बाटली बोटीवर नेलीत तर बहुधा ठेवून घेतात आणि मुंबईत उतरताना परत देतात.

टॅक्सीचं जाण्या-येण्याचं आणि थांबण्याचं भाडं बसण्याआधी ठरवा. बोट सुटण्याच्या बऱ्याच आधी दार बंद होतं. परतीला एक तास हातचा ठेवा, नाहीतर जेवण घाईत आणि पोट गच्च.

चालणं

वरच्या डेकवर चालायची पट्टी असते, किती फेऱ्यांचा किलोमीटर ते बहुधा तिथेच लिहिलेलं असतं. सकाळी सहा ते सात तिथे गर्दी नसते, आठनंतर खुर्च्या पसरतात. लिफ्टच्या रांगेपेक्षा जिना बरा, पण बोट हलत असताना एक हात कठड्यावर हवाच.

शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा टॅग लावून केबिनबाहेर ठेवायला सांगतात. त्या थेट धक्क्यावर भेटतात. सकाळच्या गोळ्या, इन्सुलिन आणि ग्लुकोमीटर त्या बॅगेत गेले की न्याहारीच्या टेबलावर हात रिकामे. त्यांची पिशवी उशीपाशी ठेवा आणि उरलेले चणेही त्यातच टाका, कारण उतरण्याची रांग दोन तासांचीही असू शकते.